दाराबाहेरची वार्ताहर

१८ ऑक्टोबर १९७७ च्या रात्री न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर रेजी जॅक्सनने तीन वेगवेगळ्या पिचरांच्या पहिल्याच चेंडूवर एकेक असे तीन होम रन मारले आणि यांकीज संघाने लॉस एंजेलिस डॉजर्सला हरवून बेसबॉलची वर्ल्ड सिरीज जिंकली. सामना संपताच पुरुष पत्रकारांचा लोंढा खेळाडूंच्या लॉकर रूममध्ये शिरला. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या साप्ताहिकाची सव्वीस वर्षांची वार्ताहर मेलिसा लुड्की मात्र बाहेरच्या बोळात उभी राहिली. ओळखपत्र तिच्याकडेही होते. पण दाराशी त्याचा उपयोग नव्हता.

क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या वाचकाला हा प्रसंग थोडा विचित्र वाटेल. क्रिकेटची ड्रेसिंग रूम पत्रकारांसाठी मुळातच बंद असते, तेव्हा तेथे कोणी जावे हा वाद उद्भवत नाही. अमेरिकेतील रीत वेगळी होती. सामन्याचा निकाल रेडिओ-दूरचित्रवाणीने आधीच घरोघरी पोचवलेला असे. वृत्तपत्राला सांगण्यासारखे उरे ते खेळाडूचे मन, आणि ते घामाने निथळत्या अवस्थेत, पहिल्या अर्ध्या तासात जेवढे उघडे होई तेवढे पुढे कधी होत नसे. म्हणून लॉकर रूम हे तेथील क्रीडापत्रकाराचे कामाचे ठिकाण होते. त्या दाराबाहेर राहणे म्हणजे बातमीच्या बाहेर राहणे.

या दाराला पहिला धक्का बर्फावरच्या हॉकीने दिला. २१ जानेवारी १९७५ रोजी माँट्रियल येथे झालेल्या ऑल-स्टार सामन्यानंतर दोन्ही प्रशिक्षकांच्या संमतीने ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची रॉबिन हर्मन आणि माँट्रियलच्या रेडिओवरील मार्सेल सेंट सिर या दोघी लॉकर रूममध्ये गेल्या. त्या आत येताच कॅमेरे खेळाडूंना सोडून त्यांच्याकडेच वळले. बातमी सामन्याची आहे, माझी नव्हे, हे हर्मन परोपरीने सांगत होती. कोणी ऐकले नाही. त्याच वर्षी बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांनी आपल्या संघांना कळवले की, महिला वार्ताहरांना आत न घेण्याच्या बाबतीत सर्वांनी एकच भूमिका ठेवावी.

१९७७ च्या त्या मालिकेत पहिल्या सामन्यापूर्वी डॉजर्सच्या खेळाडूंनी आपसांत मत घेऊन लुड्कीच्या प्रवेशाला बहुमताने होकार दिला होता. तरीही सामना चालू असतानाच आयुक्तांच्या कार्यालयाने तिला बोलावून नकार कळवला. कारणे अशी : खेळाडूंच्या पत्नींना विचारलेले नाही, आणि शाळेत खेळाडूंच्या मुलांची चेष्टा होईल. ज्यांच्या अब्रूची काळजी वाहिली जात होती, त्यांनी स्वतः दिलेल्या संमतीला काही किंमत नव्हती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

डिसेंबर १९७७ मध्ये लुड्की व तिच्या साप्ताहिकाची मालक कंपनी यांनी दावा दाखल केला. तो आला न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मोटली यांच्यापुढे. अमेरिकेच्या संघराज्य न्यायालयात १९६६ साली नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश. वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात वकील म्हणून त्यांची उमेद गेली होती. ‘तुमच्यासाठी वेगळी सोय करतो’ या वाक्यात काय दडलेले असते, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

कून यांच्या बाजूने तीन हेतू मांडले गेले : खेळाडूंचा खासगीपणा, बेसबॉलची कौटुंबिक खेळ म्हणून असलेली प्रतिमा आणि परंपरागत शालीनता. २५ सप्टेंबर १९७८ च्या निकालात मोटली यांनी खासगीपणाचा हेतू नाकारला नाही. त्यासाठी योजलेला उपाय नाकारला. पडदा लावता येतो, टॉवेल गुंडाळता येतो. मग सरसकट बंदी कशाला? शिवाय दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांना त्याच खोलीत मुभा होती. यांकी स्टेडियम शहराच्या मालकीचे असल्याने तेथील भेदभावाला राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती लागू होते, असे त्यांनी ठरवले. निकालाची व्याप्ती त्या एका मैदानापुरतीच होती. बेसबॉलच्या सर्व संघांची दारे उघडायला १९८५ साल उजाडले. तत्पूर्वी, १९८४ मध्ये, ‘हार्टफर्ड कूरंट’ची क्लेअर स्मिथ हिला सॅन डिएगो पाड्रेजच्या लॉकर रूममधून अक्षरशः ढकलून बाहेर काढण्यात आले. त्या संघाचा स्टीव्ह गार्वी बाहेर येऊन तिच्याशी बोलला, म्हणून तिची बातमी झाली.

खासगीपणाची मागणी खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. अनोळखी माणसांपुढे उघड्या अंगाने उभे राहणे कोणालाही अवघड वाटावे. पण मग ती अडचण पुरुष पत्रकारासमोर का वाटत नव्हती? उत्तर सरळ आहे. पुरुषाची नजर ही त्याच्या पेशाची नजर धरली जात होती. स्त्रीची नजर मात्र स्त्रीचीच राहत होती. तो आत गेला की वार्ताहर होई. ती तेच ओळखपत्र घेऊन गेली तरी बाईच उरे. व्यावसायिकता त्याला जन्मतः मिळत होती, तिला ती रोज सिद्ध करावी लागत होती. लुड्कीचे म्हणणे तरी काय होते? लॉकर रूममध्येच जाऊ द्या, असा तिचा हट्ट नव्हता. इतरांना जेथे, जेव्हा खेळाडू भेटतात, तेथे, तेव्हा मलाही भेटू द्या, एवढेच.

कायद्याने दार उघडते. आतली माणसे उघडतातच असे नाही. सप्टेंबर १९९० मध्ये ‘बोस्टन हेराल्ड’ची लिसा ओल्सन न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या लॉकर रूममध्ये मुलाखत घेत असता काही खेळाडूंनी तिच्यापुढे विवस्त्र येऊन अश्लील चाळे केले. फुटबॉल लीगने नेमलेल्या चौकशीत तिची तक्रार खरी ठरली. खेळाडूंना व संघाला दंड झाला. पण प्रेक्षकांनी छळले ते तिलाच. अखेर तिने देश सोडून ऑस्ट्रेलियात नोकरी धरली. तेरा वर्षांपूर्वी जी बंदी खेळाडूंच्या शालीनतेसाठी होती, ती शालीनता कोणाकडून मोडली गेली, हे येथे दिसले.

याची दुसरी बाजूही पाहावी. १९९७ मध्ये स्त्रियांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा तिच्या लॉकर रूम ठरावीक वेळेसाठी स्त्री-पुरुष दोन्ही पत्रकारांना खुल्या राहिल्या. पत्रकार आहेत तोवर खेळाडू कपड्यांत राहत, स्नान नंतर करत. म्हणजे सोय किती साधी होती!

मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली आणि बेसबॉल, बास्केटबॉल, हॉकी व सॉकर या चार लीगांनी एकत्र निवेदन काढून लॉकर रूम सर्वच पत्रकारांना बंद केल्या. मुलाखती बाहेर होऊ लागल्या. संसर्गाची भीती खरी होती, म्हणून दार लावताना कोणी स्त्री-पुरुष पाहिले नाही. १९७७ सालची काळजीही तितकीच खरी असती, तर त्या रात्री बोळात लुड्कीच्या शेजारी सगळेच पत्रकार उभे असते.