बायोडिझेल : तेल कुणाचं, गाडी कुणाची?

मंडळी, बायोडिझेलचा विषय निघाला की १९०० सालचं पॅरिसचं प्रदर्शन हमखास निघतं. तिथे एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं. रुडॉल्फ डिझेलने १९१२ साली लिहून ठेवलंय, की ही मूळ कल्पना फ्रेंच सरकारची. कारण सरळ होतं. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग भरपूर पिकतो. मग तिथे इंधन बाहेरून कशाला न्यायचं?

आता अडचण बघा. असं तेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट दाट. ते नीट फवारलं जात नाही, इंजिनात काजळी धरते. तोडगा निघाला १९३७ साली, ब्रुसेल्सच्या शावान यांच्या पेटंटमध्ये. पाम तेलावर अल्कोहोलची प्रक्रिया करायची, ग्लिसरीन वेगळं काढायचं. पुढच्याच वर्षी ब्रुसेल्स ते लूवाँ बस या इंधनावर धावली. पण डोळा होता तो बेल्जियन काँगोतल्या पाम तेलावर.

आज हीच प्रक्रिया लोक घरी लिटरभर तेलावर करून बघतात. साधारण २०० मिली मिथेनॉल, त्यात विरघळवलेला साडेतीन ग्रॅम कॉस्टिक सोडा. हे प्रमाण ताज्या तेलाचं. तळणीच्या तेलाची आम्लता आधी मोजावी लागते, नाहीतर हाती साबणच येतो. आणि मिथेनॉल विषारी, चटकन पेट घेणारं. स्वयंपाकघरात हा उद्योग नकोच.

रसायनशास्त्र तेच राहिलं. मात्र इथे तेलही आपलं आणि इंधनही आपलंच. काँगोतल्या माणसाच्या वाट्याला हे आलं नव्हतं.