ऑनलाइन बाजारपेठ आणि सदस्यांच्या संपर्क-माहितीचे संरक्षण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
वृत्तपत्रांतील छोट्या जाहिरातींत, विशेषतः विवाहविषयक जाहिरातींत, 'बॉक्स नंबर' देण्याची प्रथा मराठी वाचकांना परिचित आहे. उत्तरे वृत्तपत्राच्या कार्यालयात येत व तेथून जाहिरातदाराकडे पोचत. पत्ता मात्र मध्यस्थापाशीच राही. ऑनलाइन बाजारपेठेला हीच व्यवस्था नव्याने उभारावी लागली. ती कशी घडत गेली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पत्ता हीच ओळख :
१९९५ मध्ये पिएर ओमिद्यार यांनी अमेरिकेत सुरू केलेले 'ऑक्शनवेब' पुढे 'ईबे' या नावाने प्रसिद्ध झाले. आरंभी सदस्याचा ई-मेल पत्ता हीच तेथे त्याची ओळख होती. परस्परांस अनोळखी असणाऱ्यांत विश्वास निर्माण होण्यास हा खुलेपणा उपयुक्त ठरला. परंतु त्यातच धोकाही होता. 'रिव्हर्सऑक्शन' या स्पर्धक कंपनीने ईबेचे सदस्यत्व घेऊन, तेथील अटी मोडून सदस्यांचे पत्ते गोळा केले आणि त्यांच्या सदस्यनामाची मुदत संपत असल्याचे भासवणारी पत्रे पाठविली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २००० मध्ये हे प्रकरण तडजोडीने निकाली काढले. पत्रांतील फसवणुकीविषयी आयोगात मतभेद नव्हता. तथापि पत्ते गोळा करणे हीच अन्याय्य कृती ठरते, या भूमिकेशी दोन आयुक्त सहमत झाले नाहीत. पत्ता उघड होणे ही स्वतंत्र हानी मानावी काय, हा मूलभूत प्रश्न येथे ठळकपणे पुढे आला.

उपाय व त्यामागील हेतू :
कालांतराने ई-मेल पत्ता सदस्यनाम म्हणून वापरण्यास ईबेने मनाई केली व सदस्यांतील पत्रव्यवहार आपल्या संदेशव्यवस्थेतून सुरू केला. यामुळे सदस्यांना संरक्षण मिळाले, तसेच व्यवहार परस्पर होऊन कंपनीचे शुल्क बुडण्यासही आळा बसला.

भारतीय संदर्भ :
भारतात २००० मध्ये मुंबईतून 'बाझी डॉट कॉम' सुरू झाले. २००४ मध्ये ते ईबेने विकत घेतले. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांनी पासवर्ड, आर्थिक व आरोग्यविषयक माहिती 'संवेदनशील' ठरविली. दूरध्वनी क्रमांक व ई-मेल पत्ता त्या यादीत नव्हते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची व्याख्या मात्र व्यक्तीची ओळख पटविणाऱ्या कोणत्याही माहितीस लागू होते.

निष्कर्ष :
सदस्यांचे पत्ते एकमेकांपासून झाकले गेले. मध्यस्थाकडे मात्र ते सर्व एकत्र साठले. वृत्तपत्राच्या कार्यालयाकडे मोजकी पत्रे असत, बाजारपेठेकडे प्रत्येक व्यवहाराची नोंद असते. म्हणूनच संरक्षण मध्यस्थाच्या व्यापारी हितावर विसंबून न ठेवता, त्याचे उत्तरदायित्व कायद्याने निश्चित करणे अगत्याचे ठरते.