गंजलेली फियाट : ठेवायची की मोडीत काढायची?

सोसायटी नवी होती तेव्हा पार्किंग हा विषयच नव्हता. जागा भरपूर आणि गाड्या मोजक्या. आज घरटी एक-दोन वाहनं आहेत, आणि वार्षिक सभेत एक प्रश्न हमखास निघतो : ज्या गाड्या वर्षानुवर्षं जागच्या हलल्या नाहीत, त्यांचं काय करायचं? त्यातली एखादी जुनी फियाट असेल तर विषय लांबलाच म्हणून समजा. एकजण म्हणतो, "भंगारवाल्याला बोलवा." दुसरा म्हणतो, "वडिलांची गाडी आहे हो ती." दोघांचंही म्हणणं खरं असतं. म्हणून आधी ही गाडी मुळात आपल्याकडे आली कशी, ते पाहू.

सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. सुरुवातीला अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्या तिथे जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी तयार होऊ लागली. पुढून नाकाड दिसणाऱ्या त्या मॉडेलला आपल्या लोकांनी लगेच नाव ठेवलं, 'डुक्कर फियाट'. १९६४ ला ११०० डिलाईट आली, १९७० च्या दशकात आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' असं नाव झालं. नाव बदललं तरी लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांडीवरच गिअर, आणि पुढे बाकासारखी सलग सीट. त्या सीटवर तिघं बसायची, लहान पोरगं असलं तर चौथं.

तो परवान्यांचा काळ होता. सरकार सांगेल तेवढ्याच गाड्या बनायच्या. पैसे भरून नाव नोंदवायचं आणि काही वर्षं वाट बघायची. त्यामुळे दारात फियाट उभी राहणं ही साऱ्या आळीची बातमी असायची. गाडी घरातल्या माणसासारखी वागवली जायची, दसऱ्याला तिला झेंडूचा हार असायचा. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि फियाटचा मान उतरू लागला. २००० च्या सुमारास पद्मिनीचं उत्पादन थांबलं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती आणखी काही वर्षं तगली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथूनही गेली.

आपला आळेफाटा म्हणजे पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर या दोन रस्त्यांचा चौक. या गावाला गाड्यांचं कौतुक नवीन नाही. वडापच्या जीपा, कांदा-टोमॅटोचे ट्रक, एसट्या, सगळं इथूनच जातं. नोकरी-धंद्याला मुंबईला गेलेली आपली माणसं माळशेज चढून गावाकडे यायची, तशा काही फियाटही याच वाटेने आल्या आणि इथेच राहिल्या. आता त्यातल्या एखादीचा निर्णय घ्यायचा तर तीन गोष्टी विचारा.

पहिली, हाडं शाबूत आहेत का? जीपला खाली वेगळी चासी असते. वरचा पत्रा सडला तरी तो काढून दुसरा बसवता येतो. फियाटला तशी वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. म्हणून दाराच्या वरच्या बाजूचा गंज दिसायला वाईट असला तरी फारसा धोक्याचा नाही. पायाखालचा पत्रा, दाराखालची पट्टी आणि जॅक लावायची जागा सडली असेल, तर मात्र गाडीचा कणाच गेला. तिथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आत घुसलं तर समजून जा. चमकणाऱ्या रंगावर लोहचुंबक फिरवा. जिथे चिकटणार नाही, तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे. माळशेजकडून पूर्वेला येताना पाऊस झपाट्याने कमी होतो. त्यामुळे गाडी सुरुवातीपासून फाट्यावर, छपराखाली असेल तर आशा जास्त. समुद्राच्या खाऱ्या हवेत वर्षं काढून आलेली असेल तर खालून नीट तपासा. इंजिनाची चिंता शेवटी करा. साधं इंजिन आहे, जुना मिस्त्री ते उघडून पुन्हा बसवू शकतो. सडलेला सांगाडा मात्र परवडत नाही.

दुसरी, कागद शाबूत आहेत का? खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते, वर पर्यावरण कर. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. १९७४-७५ च्या पद्मिनी आता या वयाला पोचल्या आहेत. पण दोन अटी लक्षात ठेवा. सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही, म्हणजे मधल्या काळात कुणी डिझेल इंजिन बसवलं असेल तर ही वाट बंद. आणि अशी गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही, प्रदर्शन नि रॅलीपुरतीच.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. ती चालवणारं कुणी आहे का? नगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसची जुनी चिलखती गाडी जपून ठेवली आहे, पण तिच्यामागे लष्कर उभं आहे. आपल्या गाडीमागे एक कुटुंब असतं. आठवड्यातून एकदा ती सुरू करणारा, फाट्यापर्यंत फेरी मारणारा एक जण घरात नसेल, तर डेंटिंग-पेंटिंग करून आणलेली गाडीही पाच पावसाळ्यांत पुन्हा तिथेच येते. "मुलगा पुण्याहून आला की बघेल" हे उत्तर धरायचं नाही. मुलाला फोन करून सरळ विचारायचं.

तिन्हींना होकार असेल तर खुशाल खर्च करा, आणि सोसायटीनेही अशा गाडीला कोपऱ्यात जागा द्यावी. दोनच होकार असतील तर एखाद्या जाणकार हौशी माणसाला ती देऊन टाका, तिथे ती जगेल. एकच असेल तर निरोप द्या, पण रीतसर. नुसती भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवू नका. नोंदणीकृत मोडतोड केंद्रात देऊन प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओतली नोंदणी रद्द करा, नाहीतर कागदावर गाडी तुमच्याच नावाने फिरत राहील. आरसीची झेरॉक्स, नंबरप्लेटचा फोटो, वडिलांनी जपलेली बुकिंगची पावती असेल तर ती, एवढं एका फाईलमध्ये घाला. शक्य झालं तर गाडी कधी घेतली, पहिली फेरी कुठे झाली, हे घरातल्या थोरल्या माणसाकडून आजच लिहून घ्या. गंज थांबवायला जसा मिस्त्री लागतो, तसं हे लिहून घ्यायला घरातलं कुणीतरी लागतं.