बीपीची गोळी: लंडनच्या नळापासून सिंधुदुर्गापर्यंत

मी मालगुंडचा. आमच्याकडे बऱ्याच घरांत टीव्हीशेजारी एक छोटी गोळी असते, अम्लोडिपिन. सगळे तिला नुसतं 'बीपीची गोळी' म्हणतात. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण एखादी गोष्ट चालते कशी, हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून आज हिचा इतिहास.

साल १८८३, लंडन. डॉ. सिडनी रिंगर बेडकाचं हृदय खारट पाण्यात ठेवून ठोके बघत होते. ठोके छान पडत होते. मग कळलं, ते द्रावण चक्क नळाच्या पाण्यात बनवलं होतं! शुद्ध पाणी घेतलं, तर ठोके मंदावत बंद पडले. फरक होता नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा. म्हणजे हृदयाला आकसायला कॅल्शियम लागतं.

पुढे १९६०च्या दशकात जर्मनीत फ्रायबुर्गला आल्ब्रेख्त फ्लेकेनस्टाइन यांनी व्हेरापामिल तपासलं. औषधाने हृदयाचा जोर कमी व्हायचा, कॅल्शियम वाढवलं की परत यायचा. पेशींना कॅल्शियम आत घेणारी दारं असतात, औषध ती काही अंशी बंद करतं. रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. हाडांतलं कॅल्शियम मात्र यामुळे कमी होत नाही हं!

एकाच घराण्यातल्या औषधांची कामं वेगळी. व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम हृदयाची गती कमी करतात, काही प्रकारच्या अनियमित ठोक्यांवर चालतात. अम्लोडिपिनचा भर रक्तवाहिन्यांवर. ती बीपीवर आणि छातीत दुखण्यावर, म्हणजे अंजायनावर देतात. आधीच्या निफेडिपिनचा असर झटकन यायचा आणि झटकन जायचा. अम्लोडिपिन सावकाश चढते, शरीरात बराच वेळ टिकते, म्हणून दिवसातून एकदाच पुरते. अमेरिकेत तिला १९९२ मध्ये मंजुरी मिळाली.

आणि आपल्याकडे? २०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत आपला शेजारी सिंधुदुर्गही होता. भर कशावर, तर साधी ठरलेली औषधं गावाजवळच मिळावीत आणि माणसाने ती सोडू नयेत यावर.

खरी गोम तिथेच आहे. 'बीपी नॉर्मल आलं, आता गोळी कशाला?' असं म्हणून लोक ती बंद करतात. पण गोळी आजार मुळापासून काढत नाही, ती फक्त दार धरून ठेवते. सोडली की काही दिवसांत दार पुन्हा उघडतं. पाय सुजले तर डॉक्टरांना सांगा, ते डोस किंवा औषध बदलतील. मनाने बंद करू नका.

आज घरी एवढंच विचारा: 'गोळी घेतलीत का?' भेटू पुढच्या भागात!