चवदार तळे : ठराव, माघार आणि निकाल

महाडच्या चवदार तळ्याची हकिकत आपण 20 मार्च 1927पासून सांगतो. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत पाणी घेतले, तो दिवस आहेच तेवढा मोठा. पण कागदपत्रे तारखेच्या क्रमाने लावली, की हकिकत साडेतीन वर्षे मागे जाते आणि सत्याग्रहींच्या शेजारी आणखी एक पात्र दिसू लागते. ते पात्र म्हणजे महाडची नगरपालिका.

पहिला कागद मुंबई कायदे कौन्सिलचा. 4 ऑगस्ट 1923 रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव तिथे मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले, किंवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यात असलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शिवाय सार्वजनिक शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, अशी त्यात शिफारस होती. शिफारसच, सक्ती नव्हे. सप्टेंबरात सरकारने आपल्या खात्यांना अंमलबजावणीचे आदेश दिले. स्थानिक संस्थांच्या बाबतीत मात्र कलेक्टरांनी त्यांना सल्ला द्यावा, एवढ्यावरच भागवले. गावच्या पाण्याचा निर्णय असा गावच्या कारभाऱ्यांकडे आला.

महाडने तो घेतला. 1924मध्ये नगरपालिकेने ठराव करून तळे अस्पृश्यांना खुले केले. कुलाबा जिल्ह्यातल्या एका लहान गावाने त्या काळी हे करावे, याचे मोल मी कमी मानत नाही. पण ठरावाबरोबर संरक्षण आले नाही. स्पृश्यांच्या धाकामुळे तीन वर्षे त्या पाण्याला कोणा अस्पृश्याचा हात लागला नाही. मार्च 1927मध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हाची एक नोंद मला फार बोलकी वाटते. आलेल्या लोकांसाठी स्पृश्यांकडून 40 रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे हाकेच्या अंतरावर, नगरपालिकेच्या ठरावाने खुले झालेले, आणि तहान भागवायला पाणी विकतचे!

नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस परिषदेच्या बाजूने होते. 20 मार्चला लोक शिस्तीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्यांवर हल्ले झाले; तळ्यातले पाणी 108 घागरींत भरून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घालून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. आणि 4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेने 1924चा ठराव रद्द केला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. त्याआधीच, 12 तारखेला, काही स्पृश्य रहिवाशांनी महाडच्या कोर्टात दावा लावला. तळे खासगी आहे, अस्पृश्यांना मज्जाव ही अनादी वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे. 14 तारखेला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. त्याचा मान राखून सत्याग्रहींनी तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि पाण्याला हात लावला नाही.

हुकूम फेब्रुवारी 1928मध्ये उठला. मूळ दावा 8 जून 1931 रोजी आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बाजूने निकाली निघाला. 1933मध्ये ठाण्यातले अपीलही फेटाळले गेले. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी शेवटचा निकाल दिला. त्यात तळ्याचे वर्णन आहे: चार-पाच एकरांचे पाणी, चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, त्यापलीकडे मुख्यतः स्पृश्यांची घरे. अनादी वहिवाट सिद्ध झाली नाही, हा निष्कर्ष. ती सिद्ध झाली असती, तर तळे नगरपालिकेकडे असण्याचा कायदेशीर परिणाम काय, आणि तिला पक्षकार न करता मनाई मागता येते का, हे तपासावे लागले असते, असेही न्यायालयाने नोंदवले.

म्हणजे सव्वानऊ वर्षे तळ्याचा खटला चालला आणि तळे जिच्या ताब्यात, ती नगरपालिका त्यात ना वादी होती ना प्रतिवादी. 1924मध्ये तिने दिलेला हक्क 1937मध्ये पक्का झाला, तो आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लढून पक्का केला.