दाहक द्रव्यांचे प्राशन आणि श्वासमार्गाचे निदान

दाहक द्रव्य गिळल्याने होणाऱ्या इजांचा इतिहास सामान्यतः अन्ननलिकेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. हे स्वाभाविक असले तरी अपुरे आहे. अन्ननलिकेचा संकोच हा काही आठवड्यांनी उद्‌भवणारा प्रश्न. पहिल्या काही तासांत प्राणावर बेतू शकते ते स्वरयंत्राच्या वरच्या भागास येणाऱ्या सुजेमुळे.

जिवंत माणसाचे स्वरयंत्र पाहण्याची वाट रूढ झाली ती मान्वेल गार्सिया या गायनाचार्यामुळे. १८५४ मध्ये दंतवैद्याचा आरसा व सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने त्याने स्वतःचेच स्वरयंत्र न्याहाळले. मात्र घसा भाजलेल्या, श्वासासाठी धडपडणाऱ्या बालकाच्या तोंडात आरसा धरणे ही निराळीच गोष्ट होती. १८९७ मध्ये गुस्टाव्ह किलियनने नळीवाटे श्वासमार्गात अडकलेले हाड काढले. पुढे पिट्सबर्गच्या शेव्हॅलिअर जॅक्सनने टोकाशी दिवा असलेली नळी प्रचारात आणली. साबणासाठी व साफसफाईसाठी अमेरिकन घरांत ठेवलेला तीव्र क्षार मुले अजाणता गिळत. अशा डब्यांवर ‘विष’ हा शब्द व उपचाराची सूचना छापण्याची सक्ती करणारा कायदा १९२७ मध्ये झाला, तो मुख्यतः जॅक्सनच्या चिकाटीमुळे.

तथापि त्याच्यापुढे विशेषेकरून येत ती जगलेली, अन्ननलिका आक्रसलेली मुले. गुदमरून दगावलेले मूल त्या नळीपर्यंत पोहोचणार कसे? शास्त्राचे लक्ष अन्ननलिकेकडे अधिक का वळले, याचे एक कारण येथे असावे.

श्वासमार्गाच्या निदानातील अडचण अशी की तोंडातील व्रणांवरून आतील इजेचा अंदाज बांधता येत नाही. चूर्णरूप क्षार तोंडात व घशात चिकटून राहतो, द्रव झपाट्याने खाली उतरतो. आवाजाचा घोगरेपणा, लाळ गळणे, श्वास आत घेताना होणारा कर्कश ध्वनी ही चिन्हे महत्त्वाची खरी. पण आरंभी शांत दिसणारा रुग्णही सूज वाढताच गुदमरू लागतो. म्हणून एकदा पाहून भागत नाही. १९६८ मध्ये सावाशिमा व हिरोसे या जपानी संशोधकांनी नाकावाटे घालावयाची लवचिक तंतुदर्शिका वर्णिली. अशा साधनांमुळे पुढे रुग्णाला बसल्या जागी, पुनःपुन्हा तपासणे सुकर झाले.

१९९१ मध्ये चंदीगडच्या झरगर व सहकाऱ्यांनी मांडलेली व्रणांची प्रतवारी आजही प्रमाण मानली जाते. ती अन्ननलिका व जठर यांच्या वरच्या आवरणाची आहे. स्वरयंत्र तीत येत नाही.