गुलाबशेती, पवनानगर परिसरातील : कलमापासून तोडणीपर्यंत

पवनानगर (ता. मावळ, जि. पुणे) आणि भोवतालच्या पवन मावळातील गावांत हरितगृहांमध्ये घेतले जाणारे लांब दांडीच्या गुलाबाचे बारमाही पीक. व्यापारात त्याला ‘डच गुलाब’ म्हणतात. फेब्रुवारीतील व्हॅलेंटाइन दिनासाठी परदेशी आणि देशातील मोठ्या शहरांकडे जाणाऱ्या गुलाबामुळे मावळ तालुका ओळखला जातो, आणि त्यात पवनानगरचा वाटा मोठा आहे. हे पीक बियांपासून घेत नाहीत. हरितगृहातील एका जातीची हजारो झाडे एकाच मूळ झाडाच्या डोळ्यांपासून वाढवलेली, आनुवंशिकदृष्ट्या एकसारखी असतात. त्या एकसारखेपणाला हातांचे कौशल्य आणि तारखांचा काटेकोर हिशेब यांची जोड मिळते, तेव्हाच दहा-वीस गुंठ्यांच्या शेतकऱ्याला जागतिक बाजारात उभे राहता येते.

परिसर व हवामान : पवना नदीवरील धरण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झाले. त्याच्या पायथ्याशी वाढलेले पवनानगर ही आसपासच्या गावांची बाजारपेठ असून जुन्या पुणे-मुंबई महामार्गावरील कामशेतहून तेथे रस्ता जातो. तुंग, तिकोना, लोहगड आणि विसापूर हे किल्ले या खोऱ्याच्या कडेने उभे आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची, घाटमाथ्याची हवा, डोंगरउताराची निचऱ्याची तांबडी माती आणि धरणामुळे उन्हाळ्यातही मिळणारे पाणी या गोष्टी गुलाबाला मानवतात. खोऱ्याचे पारंपरिक पीक भात. धरणात जमीन गेलेल्या कुटुंबांकडे उरलेले क्षेत्र बहुधा थोडे आहे. अशा ठिकाणी थोड्या जागेत वर्षभर पैसा देणारे पीक रुजणे स्वाभाविक होते.

हवामानाची दुसरी बाजू कठीण आहे. जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस, ढगाळ दिवस आणि सतत दमट हवा असते. एप्रिल-मेमध्ये हरितगृहाच्या आत पाने करपवणारी उष्णता साठते. डिसेंबर-जानेवारीतील स्वच्छ ऊन आणि थंड रात्री हा मात्र गुलाबाचा उत्तम काळ. त्या दिवसांत कळी सावकाश भरते, त्यामुळे ती मोठी होते, दांडी जाड राहते आणि रंग गडद उतरतो.

उगम व प्रसार : १९९१ नंतरच्या उदारीकरणाच्या काळात पुणे, बंगळूर आणि हैदराबाद परिसरांत निर्यातीसाठी फुलशेतीचे मोठे प्रकल्प उभे राहिले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने तळेगाव दाभाडे येथे फुलशेतीसाठी स्वतंत्र क्षेत्र विकसित केले. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या तेथील प्रशिक्षण संस्थेत शेतकरी आणि तरुण हरितगृहाचे तंत्र शिकू लागले. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फलोत्पादन अभियान सुरू झाले. ठरावीक क्षेत्रापर्यंत हरितगृहाच्या मान्य खर्चाच्या निम्म्यापर्यंत अनुदान आणि बँकेचे कर्ज यांच्या आधारे हे तंत्र कंपन्यांच्या कुंपणाबाहेर पडून लहान शेतकऱ्यांच्या भातखाचरांशेजारी आले. पवनानगर परिसरातील उत्पादकांनी संघटित होऊन माहिती, बाजारभाव आणि अडचणी एकमेकांत वाटून घेतल्या. या पिकाच्या प्रसारात त्या परस्पर शिकवणीचे मोल फार मोठे आहे.

कलम व रोपनिर्मिती : आधुनिक गुलाब हा अनेक जातींच्या संकरातून घडला आहे. १८६७ मध्ये फ्रान्समध्ये प्रसृत झालेला ‘ला फ्रान्स’ हा परंपरेने पहिला हायब्रिड टी गुलाब मानला जातो. इतक्या मिश्र वंशामुळे गुलाबाचे बी पेरले तर प्रत्येक रोप वेगळे निघते आणि मातृवृक्षासारखे फूल मिळत नाही. बाजाराला तर एका रंगाची, एका उंचीची, एकाच वेळी उमलणारी फुले लागतात. म्हणून अभिवृद्धी नेहमी शाकीय पद्धतीने करतात.

व्यापारी रोपाचे दोन भाग असतात. खालचा खुंट बहुधा ‘नताल ब्रायर’ या जातीचा असतो. त्याच्या फाटेकलमांना चटकन मुळे फुटतात आणि तो हरितगृहातील सततच्या वाढीला पुरून उरतो. वरचा भाग हव्या त्या जातीचा. खुंटाच्या सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देऊन तीत निवडलेल्या जातीचा एक डोळा बसवतात आणि पट्टीने घट्ट बांधतात. याला ‘डोळा भरणे’ म्हणतात. डोळा जगून फुटला की खुंटाचा शेंडा छाटतात. दुसऱ्या पद्धतीत मुळे नसलेल्या खुंटाच्या तुकड्यावर कलम बांधून तो तसाच लावतात. सांधा जुळणे आणि मुळे फुटणे ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात, त्यामुळे रोप लवकर तयार होते.

रोपांची पारख हा पुढच्या पाच-सहा वर्षांचा निर्णय असतो. पांढरी, तंतुमय मुळे, पूर्ण भरलेला सांधा आणि निरोगी फुटवा पाहून रोप घ्यावे. मुळाजवळ किंवा सांध्यावर गाठ दिसली तर ती जिवाणूजन्य गाठ रोगाची शक्यता मानून रोप नाकारावे. झाडे एकसारखी असल्याचा धोकाही ओळखायला हवा. एका झाडाला जो रोग सहज जडतो, तो उरलेल्या सर्वांनाही तितक्याच सहज जडतो. जात संरक्षित असल्यास, पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नुसार तिची रोपे विक्रीसाठी तयार करण्याचा हक्क पैदासकाराचा किंवा त्याने परवानगी दिलेल्याचा असतो.

जाती : मावळात लाल रंगात ‘टॉप सिक्रेट’ विशेष पसरली. ‘ताजमहल’, ‘बोर्डो’ आणि ‘पॅशन’ याही लाल जाती लावल्या गेल्या. पिवळ्या रंगात ‘गोल्ड स्ट्राइक’, पांढऱ्यात ‘अॅव्हलांश’, गुलाबीत ‘नोब्लेस’ आणि ‘रिव्हायवल’ या जाती परिचित आहेत. व्हॅलेंटाइनच्या मागणीत लाल रंग प्रमुख असतो. लग्नसराईच्या सजावटीत मात्र पांढऱ्या, पिवळ्या आणि फिकट गुलाबी फुलांना चांगला उठाव मिळतो. त्यामुळे अनुभवी उत्पादक एकाच रंगावर सगळी भिस्त ठेवत नाहीत.

हरितगृह व गादीवाफे : सांगाडा जस्तलेपित लोखंडी नळ्यांचा आणि आच्छादन अतिनील किरणांना टिकणाऱ्या २०० मायक्रॉन जाडीच्या प्लास्टिकचे असते. गरम हवा निघून जाण्यासाठी माथ्यावर कायम उघडी फट आणि बाजूंना गुंडाळता येणारे पडदे ठेवतात. १० गुंठ्यांचे, म्हणजे सुमारे १,००० चौ. मी.चे हरितगृह हे लहान शेतकऱ्याचे नेहमीचे माप. छपराच्या पन्हळीतून वाहणारे पावसाचे पाणी शेततळ्यात साठवले तर क्षार कमी असलेले उत्तम पाणी हाती राहते.

लागवडीसाठी तांबडी माती, चांगले कुजलेले शेणखत आणि भाताचे तूस यांचे मिश्रण करतात. तूस मावळातील भातगिरण्यांतूनच मिळते आणि त्यामुळे माती भुसभुशीत राहते. मातीचा सामू ६ ते ६.५ च्या दरम्यान असावा. निर्जंतुकीकरण झाल्यावर सुमारे ४० सें.मी. उंचीचे गादीवाफे बांधतात. प्रत्येक वाफ्यावर दोन ओळी आणि रोपांत १५ ते २० सें.मी. अंतर ठेवल्यास दर चौ. मी.ला साधारण ६ ते ८ झाडे बसतात. कलमाचा सांधा मातीच्या वर राहील याची काळजी घ्यावी लागते. सांधा गाडला गेला तर वरच्या जातीला स्वतःची मुळे फुटतात, सांध्याशी कूज शिरते आणि खुंटाचा उपयोग संपतो.

बेंडिंग : या शेतीतील सर्वांत नाजूक काम. नव्या झाडावर आलेल्या पहिल्या कळ्या खुडतात. सुमारे दीड महिन्याने मुख्य फांदी मोडू न देता वाफ्याच्या बाजूला वाकवतात. वाकलेल्या फांदीची पाने अन्न तयार करत राहतात. पण शेंड्याचा जोर ओसरल्यामुळे बुडाजवळचे डोळे जागे होतात आणि तेथून जाड, सरळ कोंब उठतो. हरितगृहात त्याला ‘बॉटम ब्रेक’ म्हणतात. असे कोंबच झाडाचा पुढचा सांगाडा ठरतात. पुढेही बारीक व आंधळ्या, म्हणजे कळी न धरणाऱ्या, फांद्या वाकवून पानांचा साठा कायम राखतात. घाईने वाकवलेली फांदी सांध्यापाशी फाटते. उशीर झाला तर फांदी कडक होऊन मोडते. लागवडीपासून पाच-सहा महिन्यांत व्यापारी तोडणी सुरू होते. चांगल्या व्यवस्थापनात दर चौ. मी.ला वर्षाला सुमारे १५० ते २०० फुले मिळतात.

पाणी, खते व रोगराई : पाणी आणि विद्राव्य खते ठिबक संचातून रोज थोडीथोडी देतात. प्रमाण झाडाची अवस्था, ऊन आणि पाण्याची क्षारता पाहून ठरते. भर उन्हात हवेतील ओलावा टिकवण्यासाठी फॉगर चालवतात आणि वर सावलीची जाळी ओढतात.

रोगराई ऋतूप्रमाणे बदलते. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी वाढतो आणि पाने निस्तेज होतात. फुलकिडे पाकळ्यांच्या कडा तपकिरी करतात. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक पडला की भुरी येते. पावसाळ्यातील थंड, ओल्या हवेत केवडा म्हणजे डाऊनी झपाट्याने पसरून पानगळ घडवतो. कळीवरील राखाडी बुरशी पेटी भरेपर्यंत लपून राहते आणि प्रवासात उघड होते. म्हणून पडदे वेळेवर उघडणे, गळलेली पाने उचलणे आणि पहाटे पानांवर पाणी राहू न देणे ही कामे फवारणीइतकीच मोलाची आहेत. बंदिस्त जागेत फवारणी करणाऱ्याला मुखपट्टी, हातमोजे व संरक्षक कपडे मिळाले पाहिजेत आणि फवारणीनंतर ठरलेला वेळ जाईपर्यंत तोडणीसाठी कोणालाही आत पाठवू नये. हा नियम ऐच्छिक मानता येत नाही.

फेब्रुवारीचा हंगाम : वर्षभराचे नियोजन १४ फेब्रुवारीपासून मागे मोजत केले जाते. परदेशी जाणारा माल साधारण जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निघावा लागतो; देशातील बाजारासाठी त्यानंतरचे काही दिवस मिळतात. थंडीत छाटणीपासून फूल येण्यास सात आठवड्यांच्या आसपास काळ लागतो. म्हणून नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत टप्प्याटप्प्याने छाटणी व शेंडेखुडणी करतात. जातीनुसार तारीख मागेपुढे होते. त्या आधी काही आठवडे तोडणी आवरून झाडात अन्नसाठा वाढवावा लागतो.

तारीख नेमकी धरली तरी हवामानाची हमी नसते. डिसेंबरात ढगाळ वातावरण किंवा कडाक्याची थंडी राहिली तर फूल लांबते. जानेवारीत अचानक उष्णता वाढली तर ते आधीच उमलते. पडद्यांची उघडझाप, पाण्याचे प्रमाण आणि कळीवर चढवलेली जाळीदार टोपी यांच्या साहाय्याने उत्पादक काही दिवसांचा फरक सांभाळतात. टोपीमुळे कळी आवळलेली राहते आणि आकाराने भरते.

तोडणी व हाताळणी : तोडणी पहाटे आणि पुन्हा दुपारनंतर होते. निर्यातीसाठी कळी घट्ट असताना, तर जवळच्या बाजारासाठी थोडी सैल झाल्यावर दांडी कापतात. फांदीवर पाच पर्णिकांची दोन पाने राखून त्यांच्या वर काप घेतल्यास खालच्या डोळ्यातून पुढचे फूल जोमाने येते. अशा रीतीने प्रत्येक तोडणी ही पुढच्या पिकाची छाटणीही असते. कापलेली फुले लगेच स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवून शीतगृहात २ ते ४ अंश सेल्सिअसला नेतात. मग दांडीची लांबी, सरळपणा, कळीचा आकार आणि पानांची स्वच्छता पाहून प्रतवारी होते. लांबीचे वर्ग साधारण ४० ते ७० सें.मी.चे. २० फुलांची जुडी बांधून कळ्यांभोवती नालीदार कागद गुंडाळतात आणि पेट्या भरतात.

बेंडिंग, तोडणी आणि प्रतवारी या कामांत परिसरातील स्त्रियांचा मोठा वाटा आहे. कोणती फांदी वाकवायची, कोणती ठेवायची, कळी आज कापायची की उद्या, हे निर्णय त्या दिवसाला शेकडो वेळा घेतात. दांडीचा दर्जा अखेर या निर्णयांवर ठरतो, म्हणून त्यांना कुशल कामगाराचा दर्जा आणि तसा मोबदला मिळणे न्याय्य आहे.

बाजार व अडचणी : देशात मुंबईतील दादरचा फूलबाजार, पुण्याचा गुलटेकडी मार्केट यार्ड, तसेच दिल्ली, अहमदाबाद, हैदराबाद आणि इंदूर येथे हा गुलाब जातो. परदेशात युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया आणि आखाती देशांत माल गेला आहे. तेथे केनिया आणि इथिओपिया यांच्याशी स्पर्धा करावी लागते. विषुववृत्ताजवळील उंच पठारांवर वर्षभर समान दिवस आणि थंड रात्री असल्याने त्यांना बारमाही दर्जा राखता येतो. मावळाला तो प्रामुख्याने हिवाळ्यात साधतो. विमानभाडे वाढले की निर्यातीतील नफा घटतो. शिवाय लग्नसराईत देशातच चांगला भाव मिळाल्यास अनेकजण माल येथेच विकतात.

२०२० हे वर्ष या शेतकऱ्यांना फार जड गेले. मार्चमधील टाळेबंदीने लग्ने, मंदिरे आणि बाजार बंद झाले. झाड जिवंत ठेवायचे तर तोडणी थांबवता येत नव्हती, म्हणून तोडलेली फुले फेकून द्यावी लागली. पाठोपाठ ३ जूनला आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने मावळातील अनेक हरितगृहांचे प्लास्टिक फाडले आणि सांगाडे वाकवले. कर्ज मात्र उभेच राहिले. सजावटीत वाढलेल्या प्लास्टिकच्या फुलांमुळेही मागणी कमी होते. त्यांच्यावर बंदी घालावी, अशी उत्पादकांची मागणी आहे.

पुढील दिशा : एका दिवसाच्या मागणीवर उभे राहिलेले पीक एका बिघडलेल्या डिसेंबरने अडचणीत येते. त्यामुळे देशातील वर्षभराच्या बाजारासाठी रंगांचे नियोजन, सामायिक शीतगृह व वाहतूक, वादळ-नुकसानीत सांगाड्यासह पिकाला विमासंरक्षण आणि भारतीय हवामानासाठी येथेच पैदास केलेल्या जाती यांची गरज आहे. पुण्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय असल्याने संशोधन आणि शेत यांच्यातील अंतर फार नाही. परदेशी जातींची एकसारखी कलमे वाढवून जगाच्या दर्जाचे फूल देता येते, हे पवन मावळातील लहान शेतकऱ्यांनी सिद्ध केले आहे. आता त्यांच्या हरितगृहातील कलम येथल्याच पैदाशीचे असावे आणि त्याचा हक्कही येथेच राहावा, हे पुढचे काम आहे.